जुनी गिटार, नवा पिकअप

हळदीच्या रात्री किंवा गणपतीच्या मिरवणुकीत खडवली, टिटवाळा, शहापूरच्या पट्ट्यात बेंजो पार्टी वाजते, तेव्हा नाचणाऱ्यांच्या गर्दीत एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. ढोल-ताशांना भारी पडणारा तो आवाज लाकडाच्या पेटीतून येत नसतो. तो येतो तारांखाली बसवलेल्या पिकअपमधून. आपला बेंजो म्हणजे मुळात बुलबुल तरंग; त्याचं मूळ आहे १९१२ साली जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी घडवलेल्या ताइशोगोतो या वाद्यात. त्याला पिकअप जोडून आपल्या कलाकारांनी ते थेट स्पीकरपर्यंत नेलं. इलेक्ट्रिक गिटारचं तंत्रही नेमकं हेच आहे.

पिकअपमध्ये असतं काय? चुंबक आणि त्याभोवती हजारो वेढे गुंडाळलेली तांब्याची तार. ही तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाइतकी बारीक. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांमध्ये अगदी क्षीण वीज तयार होते आणि अॅम्प्लिफायर ती मोठी करतो. म्हणूनच नायलॉनच्या तारांवर हा पिकअप मुका राहतो. अमेरिकेत जॉर्ज बीचम यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अशा पिकअपची गिटार तयार केली. आज त्याचे प्रकार अगणित झाले असले तरी मूळ कल्पना बदललेली नाही.

घरात काका-मामांची जुनी इलेक्ट्रिक गिटार पडून असते. १९८६ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवाच्या किंवा ‘रॉक मशीन’सारख्या बँडच्या काळातली. तेव्हा परदेशी वाद्य मिळवणं कठीण होतं, म्हणून हौशी पोरं हाताला लागेल ती गिटार वाजवत. आता ती बाहेर काढली की आवाज बसलेला, खरखर वेगळीच. मग कुणीतरी सांगतं, पिकअप बदलून टाक.

इथे जरा थांबावं. जुन्या गिटारचा दोष बऱ्याचदा पिकअपमध्ये नसतोच. आपल्याकडचा पावसाळा जॅक, स्विच आणि व्हॉल्यूमच्या पॉटला (बटणाखालच्या पोटेन्शिओमीटरला) आधी गंजवतो. काँटॅक्ट क्लीनरचा फवारा, सुटलेल्या जोडाला सोल्डरिंगचा डाग आणि तारांचा नवा संच, एवढ्यावर कितीतरी गिटारी पुन्हा बोलू लागतात. पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर चुंबक तारांना ओढतो आणि सूर डगमगतो. अशा वेळी स्क्रू फिरवून पिकअप खाली घ्यायचा, पैसा खर्च करायचा नाही.

खरी परीक्षा मल्टीमीटरची. साध्या सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपचा रोध साधारण ५ ते ८ किलोओहम भरतो, जुन्या धाटणीच्या हंबकरचा, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपचा, ७ ते ९. काटा हललाच नाही किंवा पडद्यावर आकडाच उमटला नाही, तर आतली तार तुटलेली आहे. तुटलेली कॉइल पुन्हा गुंडाळून घेता येते, आणि गिटार मौल्यवान असेल तर तेच करावं. पिकअप शाबूत असून मोठ्या आवाजात शिट्टी मारत असेल, तर आतलं मेण सुटलेलं असू शकतं; जाणकार कारागीर तो वितळलेल्या मेणात पुन्हा बुडवून देतो.

हे सगळं करूनही आवाज आवडत नसेल, तेव्हाच निवडीचा प्रश्न येतो. पहिला मुद्दा गुणगुणीचा. सिंगल कॉइलचा आवाज स्वच्छ आणि टणत्कारी, पण घरातल्या ट्यूबलाइटपासून डिमरपर्यंत सगळ्यांची ५० हर्ट्झची घूं तो उचलतो. यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली तोड काढली: उलट वेढ्यांच्या आणि उलट चुंबकाच्या दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, म्हणजे दोन्हींची घूं एकमेकींना खाते आणि सूर मात्र बेरीज होऊन भरदार होतो. हाच हंबकर. ज्याच्या वाजवण्यात चमक महत्त्वाची, त्याने सिंगल कॉइल घ्यावा. ज्याला डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकमधला फाटका आवाज हवा, त्याने हंबकर. खाच लहान असेल तर सिंगल कॉइलच्या आकाराचे हंबकरही मिळतात.

दुसरा मुद्दा मोहाचा. १९७२च्या सुमारास डिमार्झिओच्या ‘सुपर डिस्टॉर्शन’पासून बदली पिकअपची बाजारपेठ उभी राहिली आणि जास्त वेढे म्हणजे चांगला आवाज असा समज पसरला. तो खरा नाही. वेढे वाढले की ताकद वाढते, पण वरचे सूर बोथट होतात. चुंबकाचाही स्वभाव असतो: अल्निको-२ मवाळ, अल्निको-५ जास्त ठसठशीत, तर सिरॅमिक सहसा कडक. घरगुती छोट्या अॅम्पवर वाजवणाऱ्याला मध्यम ताकदीचा अल्निको पिकअप पुरतो.

आणि सर्वांत कंटाळवाणी गोष्ट: मापं. पिकअपची लांबी-रुंदी, स्क्रूंमधलं अंतर आणि पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचं अंतर, हे सारं मोजूनच ऑर्डर द्यावी. जुन्या जपानी गिटारींचे पिकअप अनेकदा विचित्र मापांचे असतात. त्यांच्यासाठी लाकूड कोरण्यापेक्षा तेच दुरुस्त करून घेणं बरं. सिंगल कॉइलला सहसा २५० किलोओहमचे पॉट लावतात, हंबकरला ५०० चे; ते जुनेच ठेवले तर नव्या पिकअपचा आवाज अपेक्षेपेक्षा वेगळा लागू शकतो.

खडवलीहून लोकल पकडून सीएसएमटीला उतरलं की धोबी तलाव चालत गाठता येतं. १८६५ पासूनचं फर्टाडोस तिथलंच. दुकानात जाताना गिटार सोबत घ्या, आणि जुने पिकअप मात्र फेकू नका: खूण करून पिशवीत, गिटारच्याच केसमध्ये ठेवा, कारण गिटार कधी विकायची वेळ आली तर घेणारा आधी तेच मागतो.