अ‍ॅप आलं, वापरणार कोण?

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हाती आली. तोवर कुणाच्या गटात कपाशी आणि कुणाच्या गटात मका, हे गाव नमुना १२ मध्ये तलाठी लिहीत असे. ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये ते काम शेतकऱ्याने करायचं: गट क्रमांक निवडायचा, पीक, क्षेत्र आणि सिंचनाचं साधन भरायचं, शेतात उभं राहून फोटो काढायचा. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यापासून धुळ्यातल्या साक्रीपर्यंत या अ‍ॅपबद्दल दोन मतं ऐकू येतात. कार्यालयात म्हणतात, “दिवसभर मोबाईल बघतात, नोंद तेवढी करत नाहीत.” पारावर म्हणतात, “रेंजच नाही भाऊ, फोटो अपलोड होईल कसा?”

नवं साधन कोण स्वीकारतं, कोण टाळतं आणि ते चार जणांनी मिळून वापरायचं असेल तर गाडं कुठे अडतं, हे प्रश्न माहिती प्रणाली आणि इतर विषयांचे संशोधक गेली अनेक दशकं अभ्यासत आहेत. त्यांची उत्तरं जळगाव-धुळ्याच्या अनुभवाशी ताडून पाहिली, तर आपल्याकडच्या बऱ्याच ठाम समजुती डळमळतात.

गैरसमज १ : खेड्यातला माणूस नव्या तंत्रज्ञानाला बिचकतो.

वस्तुस्थिती : जळगावच्या रावेर, यावल, मुक्ताईनगर या केळीपट्ट्यात हे विधान कुणी करू धजणार नाही. इथे पूर्वी कंद लावून आणि पाटाने पाणी देऊन केळी घेत. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशनने ठिबक सिंचन आणलं आणि पुढच्या दशकात ऊतीसंवर्धित ग्रँड नैन जातीची रोपं. कंदाच्या बागेला कापणीपर्यंत साधारण दीड वर्ष लागे. ऊतीसंवर्धित बाग अकरा-बारा महिन्यांत कापणीला येते. शिवाय घड थोड्या दिवसांच्या फरकाने निसवतात, त्यामुळे माल एकदम निघतो आणि व्यापाऱ्याची गाडी भरते. विहिरींचं पाणी खोल जात असताना ठिबकने पाणी वाचवलं. बागायतदारांनी हे सगळं हिशेब करून स्वीकारलं. ज्यांना आज अ‍ॅप भरत नाहीत म्हणून बोल लावला जातो, ते याच पट्ट्यातले शेतकरी आहेत.

गैरसमज २ : वापरायला सोपं केलं की लोक आपोआप वापरतात.

वस्तुस्थिती : ठिबक अजिबात सोपं नाही. क्षाराच्या पाण्याने ड्रीपर चोंदतात, मग नळ्यांतून आम्ल सोडावं लागतं. फिल्टर धुवावा लागतो. उंदीर आणि खारी नळ्या कुरतडतात. लोड शेडिंग असलं की रात्री-अपरात्री मोटर सुरू करायला उठावं लागतं. एवढा व्याप असूनही ठिबक टिकलं, कारण त्याचा फायदा घडाच्या वजनात दिसतो.

अमेरिकी संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये नेमकं हेच मोजलं होतं. १५२ संगणक वापरकर्ते आणि चार प्रकारची सॉफ्टवेअर घेऊन त्यांनी दोन गोष्टी तपासल्या: साधन कामाचं वाटतं का, आणि ते सोपं वाटतं का. प्रत्यक्ष वापराशी पहिल्या गोष्टीचं नातं दुसरीपेक्षा बरंच घट्ट निघालं. काम होत असेल तर माणूस थोडा त्रास सोसतो. काम होत नसेल तर कितीही सुबक पडदा त्याला धरून ठेवत नाही.

पीक पाहणीतही तेच दिसतं. हमीभावाच्या केंद्रावर कापूस किंवा तूर न्यायची असली की सातबाऱ्यावर त्या पिकाची नोंद मागतात. अतिवृष्टीच्या भरपाईचा किंवा विम्याचा प्रश्न आला की पुन्हा तोच सातबारा काढावा लागतो. हा संबंध ज्याला एकदा उमगला, तो रेंज मिळेपर्यंत बांधावर चकरा मारतो. “शासनाचा आदेश आहे” एवढंच ज्याला सांगितलं, तो शेवटच्या तारखेची वाट बघतो.

गैरसमज ३ : माहिती नीट पोचवली की लोकांना पटतं.

वस्तुस्थिती : माहिती पोचणं आणि पटणं ही कामं वेगवेगळी माणसं करतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मक्याचं बियाणं कसं पसरलं, याचा ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांचा अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन वस्त्यांतल्या २५९ शेतकऱ्यांना गाठलं. १९४१ पर्यंत त्यांपैकी दोघे सोडून सगळ्यांनी ते बियाणं घेतलेलं होतं. बियाण्याबद्दल पहिल्यांदा कळलं ते बहुतेकांना विक्रेत्याकडून. ते घ्यावं हे मात्र शेजाऱ्यामुळे ठरलं. आणि घेतलं तेही आधी थोड्याशा तुकड्यावर लावून.

जळगावात ज्यांनी केळीची बाग केली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. कंपनीचा माणूस माहितीपत्रक देऊन जातो. निर्णय होतो तो शेजारच्या आप्पांच्या बागेत शिरून, एका खोडावर किती फण्या लागल्या ते बोटाने मोजून आणि मग “आप्पा, रोप कितीला पडलं, मर किती झाली?” असं विचारून.

म्हणून पीक पाहणीच्या अ‍ॅपमधली एक छोटी सोय महत्त्वाची ठरते: एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. ज्याच्याकडे साधा फोन आहे, ज्याची नजर अधू झाली आहे, त्याचं काम भावकीतला एखादा कॉलेजात जाणारा पोरगा करतो. एक माणूस, एक फोन, एक वापरकर्ता हा हिशेब खेड्यात लागू पडत नाही. पुढे उरलेल्या नोंदींसाठी शासनाने गावपातळीवर सहायकही नेमले.

गैरसमज ४ : जो वापरत नाही, तो बदलाच्या विरोधात आहे.

वस्तुस्थिती : १९८८ मध्ये जोनाथन ग्रुडिन यांनी गटाने वापरायची सॉफ्टवेअर का फसतात, याचं एक कारण दाखवलं. कष्ट एकाचे आणि फायदा दुसऱ्याचा, अशी विभागणी झाली की साधन पडून राहतं. कार्यालयाच्या सामायिक दिनदर्शिकेचं उदाहरण त्यांनी दिलं: बैठक ठरवणाऱ्या साहेबांना ती सोयीची असते, पण त्यासाठी रोज आपली वेळापत्रकं भरत बसायचं ते बाकीच्यांनी.

कधी अडचण साधनातच असते. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन तापतात, अडकतात, आणि नवं पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. याच सेविका त्याआधी फोनवर नोंदी करतच होत्या. त्यांची तक्रार हातातल्या फोनबद्दल आणि अ‍ॅपच्या भाषेबद्दल होती.

कष्ट एकाचे आणि फायदा दुसऱ्याचा, याला गावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांचं उदाहरण बोलकं आहे. केंद्राने जून २०२२ मध्ये देशातल्या अशा ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, तरतूद २,५१६ कोटी रुपयांची. अशा सोसायटीत माहिती भरतो तो गटसचिव. संगणक आल्यावर रोजकीर्द आणि खतावणी लगेच बंद होत नाहीत. काही काळ दोन्हीकडे लिहावं लागतं, शिवाय जुन्या येण्या-देण्याची जुळवणी करावी लागते. झटपट अहवाल मिळतो तो वरच्यांना. त्या काळात गटसचिव कुरकुरला, तर त्याला जुन्या वळणाचा ठरवण्याआधी त्याचं काम किती वाढलं ते मोजायला हवं.

गैरसमज ५ : प्रमुख अनुभवी आणि साधनसामग्री भरपूर असली की गट लवकर शिकतो.

वस्तुस्थिती : एमी एडमंडसन, रिचर्ड बोमर आणि गॅरी पिसानो यांनी २००१ मध्ये १६ अमेरिकी रुग्णालयांचा अभ्यास मांडला. सगळ्यांनी हृदयशस्त्रक्रियेचं एकच नवं तंत्र घेतलं होतं. छाती पूर्ण न उघडता बरगड्यांमधल्या लहान छेदातून काम करायचं. त्यामुळे सर्जनला पूर्वी जे डोळ्यांनी दिसे, ते आता सहकाऱ्यांनी पडद्यावर बघून सांगायचं. ज्येष्ठ सर्जन किंवा मोठं रुग्णालय असण्याने फारसा फरक पडला नाही. जिथे गटाने आधी एकत्र सराव केला, जिथे नर्स “डॉक्टर, थांबा” म्हणू शकत होती, तिथे तंत्र रुजलं.

आपल्याकडच्या कचेऱ्यांत हा मुद्दा झोंबणारा आहे. नव्या प्रणालीत चूक कुठे होते, हे बहुतेकदा डेटा एंट्री करणाऱ्या कंत्राटी मुलाला सगळ्यात आधी कळतं. बैठकीत मात्र त्याला खुर्ची नसते.

गैरसमज ६ : उपकरण बसलं की शाळा डिजिटल झाली, आणि जितकं आधुनिक तितकं चांगलं.

वस्तुस्थिती : धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याची मोहीम चालली, तिच्यामागे न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारे धुळ्याचे हर्षल विभांडिक होते. मोहिमेतला ध्यानात घेण्याजोगा भाग गावोगावच्या सभांचा. खर्चाचा मोठा वाटा लोकवर्गणीतून उभा राहिला. ज्याने वर्गणी घातली, त्याला प्रोजेक्टर बंद का, हे विचारण्याचा हक्क वाटतो. हा प्रश्न विचारणारं कुणी हवंच, कारण झेडपीच्या शाळांची थकलेली वीजबिलं हे राज्यातलं जुनं दुखणं आहे. संशोधक अशा बाबींना अनुकूल परिस्थिती म्हणतात: वीज, दुरुस्ती, अडल्यावर विचारायला माणूस. विश्वनाथ वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तंत्रज्ञानाच्या स्वीकाराची जुनी आठ प्रारूपं एकत्र केली, तेव्हा वापर ठरवणाऱ्या घटकांत या परिस्थितीला जागा मिळाली. वरिष्ठांच्या सक्तीचा जोर सुरुवातीलाच असतो आणि सरावानंतर ओसरतो, हेही त्यांनी नोंदवलं.

आधुनिकतेचं उत्तर मात्र कोल्हापूर-सांगलीकडून येतं. वारणेच्या ऊस पट्ट्यात १९९८ पासून गावोगावी संगणक केंद्रं उभी राहिली; बाजारभाव, शेती सल्ला, शासकीय दाखले असं सगळं त्यांतून मिळावं ही कल्पना. मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूमधल्या संशोधकांनी काही वर्षांनी पाहिलं, तर संगणक मुख्यतः साखर कारखान्याच्या कामाला जुंपलेले होते: उसाचं वजन, खताची उचल, तोडणीची परवानगी. मग सात गावांत त्यांनी संगणकाऐवजी साधे मोबाईल वापरून पाहिले. तीच माहिती एसएमएसने येऊ लागली. आठ महिन्यांच्या त्या प्रयोगात मोबाईलची व्यवस्था स्वस्त पडली आणि उसाचं वजन कळायला केंद्रापर्यंत जाण्याची गरज उरली नाही.