शीतन-मनोरे आणि कडाक्याची थंडी

पाणी थंड करण्यासाठीच जो उभारला, त्या मनोऱ्याला थंडीचे भय असावे, हे वरवर पाहता विपरीत वाटते. भारताच्या बहुतेक भागांत हा प्रश्न उद्भवत नाही. परंतु कॅनडा, रशिया यांसारख्या देशांत पारा आठवडेच्या आठवडे शून्याखाली असतो. तेथील कारखान्यांत आणि वीजकेंद्रांत शीतन-मनोरा, म्हणजेच कूलिंग टॉवर, डोळ्यांत तेल घालून सांभाळावा लागतो.

या मनोऱ्याचे तत्त्व साधे आहे. यंत्रांची उष्णता घेऊन आलेले पाणी वरून शिंपडले जाते आणि पातळ पत्र्यांच्या थरांवरून ओघळत खालच्या हौदात पडते. वाटेत त्याला हवा भेटते व थोड्या पाण्याची वाफ होते. शंभर भागांतील एक भाग वाफ झाला, तरी उरलेले पाणी सुमारे ६ अंश सेल्सिअसने निवते. नेदरलँड्समधील हेर्लेन येथे १९१८ साली उभारलेल्या, मध्ये निमुळत्या होत गेलेल्या काँक्रीटच्या उंच मनोऱ्यांत हवा आपोआप वर चढे. इतर अनेक मनोऱ्यांत मोठे पंखे ती ओढून घेतात.

बर्फ प्रथम धरतो तो हवा आत शिरण्याच्या कडेला. तेथे हवा सर्वांत थंड असते, आणि पाणी विरळ असेल तर ते पाहता पाहता गोठते. एक घनमीटर बर्फाचे वजन ९०० किलोग्रॅमांहून अधिक भरते. असे ओझे लोंबू लागले, की आतील थर मोडून पडतात.

काम कमी असताना मनोऱ्याच्या सर्व कक्षांतील पाणी थोडेथोडे घटवावे, असे सहज मनात येते. नेमके तेच घातक ठरते. कारण विरळ धारेत स्वतःचे रक्षण करण्याइतकी उष्णता नसते. म्हणून मोजकेच कक्ष भरपूर पाण्याने चालवावेत, उरलेले पूर्ण बंद करून त्यांच्या उघड्या नळांतील पाणी काढून टाकावे. यंत्रे नुकतीच सुरू झाली असतील, तर पाणी पुरेसे तापेपर्यंत ते वर न नेता थेट हौदात सोडावे.

आवर घालावयाचा तो पाण्याला नव्हे, हवेला. पंख्याची गती कमी करावी किंवा तो काही काळ थांबवावा. बर्फ धरलाच, तर पंखा काही मिनिटे मंद गतीने उलटा फिरवितात. आतील ऊबदार हवा कडेने बाहेर पडून बर्फ वितळविते. मात्र दिशा बदलण्यापूर्वी पंखा पूर्ण थांबला पाहिजे. आणि हा उपाय लांबविला, तर पात्यांवरच बर्फ साचून त्यांचा तोल बिघडतो.

या साऱ्यात माणसाची काळजी अर्थातच पहिली. लोंबत्या बर्फाखाली कोणी उभे राहू नये, खालून ठोकून तो पाडू नये. आत शिरण्यापूर्वी पंख्याची वीज तोडून कळीला कुलूप घालावे. बाहेर पडणारे तुषार जिन्यांवर आणि जवळच्या रस्त्यांवर गोठून तेथे पाय घसरतात; याकरिता रात्रपाळीच्या कामगारांनी दर फेरीत बर्फाप्रमाणे वाटेवरही नजर ठेवणे अगत्याचे असते.