वारा तोच, ओढ चौपट

स्पेनच्या दक्षिण टोकाला तारिफा हे छोटेसे गाव आहे. युरोपच्या मुख्य भूमीवरील हे सर्वांत दक्षिणेकडचे गाव. समोर जिब्राल्टरची सामुद्रधुनी आणि पलीकडे मोरोक्को. सामुद्रधुनी जिथे सर्वांत अरुंद आहे, तिथे दोन खंडांमध्ये अवघे १४ किलोमीटर पाणी आहे. गावाच्या वायव्येला अटलांटिकच्या काठाने लोस लान्सेस हा लांबलचक वाळूचा किनारा पसरला आहे. सुट्टीवर आलेली माणसे इथे काइटसर्फिंग शिकतात. पायांखाली फळी, कमरेला रुंद पट्टा आणि पट्ट्याला वीस-पंचवीस मीटर लांब दोऱ्यांनी जोडलेला मोठा पतंग. पतंगाने ओढायचे आणि स्वाराने पाण्यावरून घसरत जायचे. मात्र नवशिक्याला सुरुवातीला फळी दिलीच जात नाही. असे का?

उत्तर शोधण्यासाठी थोडे गणित करू. हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम असते. वाहत्या हवेचा दाब काढायला वेगाचा वर्ग करून त्याला घनतेच्या निम्म्याने, म्हणजे ०.६ ने गुणायचे. वारा सेकंदाला ६ मीटर असेल तर हा दाब होतो दर चौरस मीटरला सुमारे २२ न्यूटन. पतंगाच्या आकारामुळे पडणारा फरक तूर्त बाजूला ठेवू. मग १२ चौरस मीटरच्या पतंगाची ओढ येते सुमारे २६० न्यूटन, म्हणजे २६ किलोच्या पोत्याच्या वजनाइतकी. वारा दुप्पट झाला तर? वेगाचा वर्ग चौपट होतो, म्हणून ओढही चौपट होते. आता पोते शंभर किलोंच्या वर गेले. धडधाकट माणसालाही ते फरफटत नेईल.

पण वारा न वाढताही ही ओढ चौपट होऊ शकते. वारा पडलेला असताना आपण सायकल पिटाळली की तोंडावर वारा लागतो. पतंगाचेही तसेच आहे. तो वाऱ्याला आडवा धावू लागला की त्याला जाणवणारा वारा प्रत्यक्ष वाऱ्याच्या दुप्पट सहज होतो.

हे आकाशात नेमके कुठे घडते? आपण वाऱ्याकडे पाठ करून उभे आहोत अशी कल्पना करू. पतंग जिथे जिथे पोचू शकतो त्या जागा जोडल्या, तर आपल्यासमोर चेंडूच्या चौथ्या फोडीसारखा आकार तयार होतो. दोरीची लांबी ही त्याची त्रिज्या. या फोडीच्या कडेवर, म्हणजे डोक्याच्या वर किंवा अगदी डाव्या-उजव्या हाताला, पतंग जवळजवळ स्थिर राहतो आणि कमी ओढतो. फोडीच्या मध्यभागातून जाताना मात्र तो झपाट्याने धावतो आणि तिथेच चौपटीचे गणित खरे होते. दांडी चुकून एका बाजूला ओढली गेली की पतंग मध्यभागात सूर मारतो. म्हणूनच पहिले धडे वाळूवर आणि लहान पतंगावर. पतंग कडेवर कसा ठेवायचा आणि संकटात सुटकेची कळ दाबून त्याची ओढ कशी घालवायची, हे आधी हातात बसावे लागते. त्यानंतर फळीशिवाय पाण्यात उतरून पतंगाकडून शरीर ओढवून घ्यायचे, आणि मगच फळी. उभे राहताना पतंग मुद्दाम मध्यभागातून फिरवतात. ज्याची सुरुवातीला भीती, तीच ओढ आता कामी येते.

पतंग पाण्यात पडला तर तो पुन्हा उडायला हवा. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरील ब्रिटनी प्रांतातील ब्रुनो आणि दोमिनिक लगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचे पेटंट मागितले. हवेमुळे हा पतंग तरंगतो आणि पाण्यावरूनच पुन्हा उचलता येतो. या खेळातील शर्यती २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही झाल्या.

वाऱ्याच्या वेगाइतकीच त्याची दिशाही महत्त्वाची. तारिफात दोन वारे मुख्य आहेत. पश्चिमेचा पोनिएन्ते आणि पूर्वेचा लेवान्ते. दोन्ही काठांवरील डोंगरांमधल्या अरुंद वाटेतून लेवान्ते जोराने आणि झोत देत सुटतो. सेकंदाला ६ मीटरचा वारा झोतात ७ झाला, तरी ओढ एक तृतीयांशाहून अधिक वाढते. शिवाय लोस लान्सेसवर लेवान्ते जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पतंग पडला तर नवशिक्या खुल्या अटलांटिकात वाहत जाईल. पोनिएन्ते मात्र तिरका किनाऱ्याकडे येतो. चुकलेल्याला तो वाळूवर आणून सोडतो. शिकण्यासाठी वारा निवडताना दिशा आधी पाहायची ती यासाठी.

शेवटचा धडा म्हणजे निघालो तिथेच परत येणे. पतंग वाऱ्याच्या दिशेने आणि थोडा बाजूला ओढतो. फळीची कड पाण्यात रुतवली की पाण्याची प्रतिक्रिया पहिला भाग रोखते आणि बाजूची गती उरते. कड नीट रुतवता आली की वाऱ्याच्या किंचित विरुद्धही सरकता येते. तोवर मात्र वाऱ्याबरोबर खाली वाहत जायचे आणि फळी काखोटीला मारून वाळूतून चालत परतायचे!

बलांच्या समांतरभुज चौकोनाचा पाठ घेताना फळ्यावर हीच आकृती काढून पाहावी. पतंगाची ओढ, पाण्याची प्रतिक्रिया आणि दोहोंचे फलित. मग विद्यार्थ्यांना विचारावे: वारा सेकंदाला ६ ऐवजी ९ मीटर झाला आणि ओढ तितकीच हवी, तर १२ ऐवजी किती चौरस मीटरचा पतंग घ्यावा? उत्तर येईल ५.३. जोराच्या वाऱ्यात अनुभवी स्वारही लहान पतंग का काढतात, ते मुलांना सांगावे लागणार नाही.