रस्त्यापलीकडे ऑफिसचे इंटरनेट

ऑफिस आणि समोरचे गोदाम यांच्यामध्ये रस्ता आला, की केबल ओढणे बहुधा अवघड होऊन बसते. शिवाय तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर. अशा ठिकाणी वायरलेस ब्रिज बसवतात: दोन्ही गच्च्यांवर एकमेकांकडे तोंड करून, एकाच दिशेला लहरी सोडणारे दोन अँटेना. मध्ये साधा रिपीटर ठेवण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही चांगला. एकाच रेडिओवर घेणारा आणि पुढे पाठवणारा रिपीटर वेग जवळपास निम्म्यावर आणतो.

अँटेना समोरासमोर दिसणे ही पहिली अट, पण तेवढ्याने भागत नाही. लहरींचा पट्टा मध्यावर फुगतो. ५.८ गिगाहर्ट्‌झवर २०० मीटर अंतरासाठी या फुगवट्याची त्रिज्या मध्यभागी सुमारे १.६ मीटर भरते आणि तिचा निदान ६० टक्के भाग मोकळा लागतो. मे महिन्यात उत्तम चाललेली जोडणी जुलैत अडखळते, तेव्हा दोष सरींपेक्षा बहुधा मध्ये वाढलेल्या ओल्या फांदीचा असतो. ६० गिगाहर्ट्‌झच्या उपकरणांना मात्र मुसळधार पाऊसही बाधतो.

भारतात ५ गिगाहर्ट्‌झमधले बरेचसे पट्टे ठरलेल्या शक्तिमर्यादेत २०१८पासून परवानामुक्त आहेत.

गच्चीवरच्या उपकरणाला वीज सहसा नेटवर्क केबलमधूनच मिळते, तिथे वेगळा प्लग लागत नाही. अर्थिंग मात्र हवेच. केबल उपकरणात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळावरून ठिबकते, सॉकेटमध्ये उतरत नाही.