नाक्यावरचा शुक्रवार

सकाळी ६
न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यू. डोक्यावरून सात नंबरची ट्रेन धडधडत जाते, खाली रोजंदारीवाले कामाची वाट बघत उभे. ठाण्यातला मजूर नाकाच जणू, फक्त बोली स्पॅनिश. आमची पांढरी व्हॅन दिसली की माणसं पांगतात. आम्ही त्यांना इमिग्रेशनवाले वाटतो. म्हणून गाडी मागच्या गल्लीत लावायची आणि कॉफीचा थर्मास घेऊन चालत यायचं. एचआयव्हीचं नाव लगेच काढायचं नाही, आधी ब्लडप्रेशर बघायचं. लाल टोपीवाला एक पोरगा कॉफी घेतो, काहीतरी विचारू बघतो, मग सोबत्यांकडे पाहून गप्प होतो.

साडेनऊ
ऑफिसात अहवाल. अमेरिकेच्या लोकसंख्येत लॅटिनो साधारण पाचांत एक. २०२२च्या एचआयव्हीच्या नव्या लागणींत मात्र जवळपास तिघांत एक. विमा नाही, कागदपत्रांची धास्ती, आणि दवाखाना उघडा असतो तेव्हा ही माणसं कामावर.

दुपारी १
लाँड्रोमॅट. कपडे धुऊन होईपर्यंत बायका निवांत सापडतात. इंग्रजीवरून केलेल्या स्पॅनिश फॉर्मात सगळे खासगी प्रश्न ‘तू’ म्हणून विचारलेत. हा ‘तू’ आपल्या ‘तू’सारखाच, आदराला ‘उस्तेद’ लागतं. माझी कोलंबियन सहकारी फॉर्म बाजूला ठेवते आणि ‘उस्तेद’ म्हणत बोलू लागते. “मला कशाला? नवरा सोडून कोणी नाही,” एक आजी म्हणते. १३ ते ६४ वयाच्या प्रत्येकाने एकदा तरी तपासणी करावी, असं अमेरिकेची आरोग्यसंस्था सीडीसीच सांगते, हे ऐकल्यावर आजी हसते. ती पासष्टीची आहे. पण सुनेला पुढे करते.

संध्याकाळी ५
फोन. एकाने एचआयव्ही टाळण्यासाठीच्या प्रेपच्या गोळ्या सोडल्या. रोज नीट घेतल्या तर शरीरसंबंधातून लागण होण्याचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी घटतो, हे त्याला पाठ आहे. पण एका खोलीत सहाजण राहतात. बाटली लपवायची कुठे? दोन महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन २०२१ पासून आहे. त्याच्यासाठी वेळ ठरवते.

रात्री ११
बारबाहेर व्हॅन. बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त, ओळखपत्र नको. दारात लाल टोपी.

“बुधवारी रात्री कंडोम फाटला.”

मनात तास मोजते. संपर्कानंतर लागण रोखणाऱ्या पेपची पहिली गोळी ७२ तासांच्या आत जायला हवी, पुढे २८ दिवस औषध. ४८ तास गेलेच. दवाखाना सोमवारी नऊला उघडेल; तोवर उशीर झालेला असेल. शहराची पेप हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. तिथे फोन लावते.

“सकाळीच का नाही बोललात?”

“सगळे होते ना. पण तुम्ही परत भेटाल, हे कळलं होतं.”

उद्या पुन्हा सहाला. थर्मास धुऊन ठेवते.