बॉयलरमधली भेग आणि सी हॉकचे उड्डाण

विमान वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडते, हे पुष्कळ विद्यार्थ्यांनी ऐकलेले असते. असे का, हे विचारले की मात्र वर्गात शांतता पसरते. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण आपल्या नौदलाच्या एका जुन्या विमानाची मदत घेऊ. त्याचे नाव 'सी हॉक'.

सी हॉक हे ब्रिटनच्या हॉकर कंपनीने आखलेले एका वैमानिकाचे जेट विमान. त्याच्या मूळ नमुन्याने १९४७ साली पहिले उड्डाण केले. ब्रिटिश नौदलात ते १९५३ साली आले. पुढे नेदरलँड्स, पश्चिम जर्मनी आणि भारत या देशांच्या नौदलांनीही ते घेतले. आपले ३०० क्रमांकाचे पथक या विमानांसह १९६० साली उभे राहिले आणि ४ मार्च १९६१ रोजी 'विक्रांत' ही विमानवाहू नौका बेलफास्ट येथे नौदलात दाखल झाली. ही नौका मुळात दुसऱ्या महायुद्धासाठी बांधायला घेतलेली. युद्ध संपल्यामुळे ती अपुरी राहिली होती. भारताने ती विकत घेऊन पूर्ण करून घेतली.

आता थोडे गणित करू. शस्त्रे आणि इंधन भरलेल्या सी हॉकचे वस्तुमान सुमारे ७,००० किलोग्रॅम आणि त्याच्या इंजिनाचा रेटा सुमारे २४,००० न्यूटन. म्हणजे त्वरण झाले दर सेकंदाला सेकंदी साधारण ३.४ मीटर. उडण्यासाठी ११० नॉट्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ५७ मीटर वेग लागतो असे धरू. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.) हवेचा रोध आणि घर्षण सोडून दिले, तरी हा वेग गाठायला सुमारे ४७० मीटर धावावे लागेल. विक्रांतची संपूर्ण लांबी होती २१३ मीटर!

ही उणीव दोन गोष्टींनी भरून काढली जाई. पहिली म्हणजे कॅटापुल्ट, म्हणजे वाफेवर चालणारी एक प्रचंड गलोलच. डेकखालच्या लांब नळकांड्यांत वाफ सोडली की आतले दट्टे वेगाने पुढे सरकतात आणि त्यांना अडकवलेले विमान दोन-तीन सेकंदांत पुढे फेकले जाते. दुसरी गोष्ट म्हणजे वारा. पंखाला उचल मिळते ती त्याच्यावरून वाहणाऱ्या हवेमुळे. खालची जमीन किंवा डेक किती वेगाने मागे जातो, याच्याशी पंखाला कर्तव्य नसते. नौका २५ नॉट्सने वाऱ्याच्या रोखाने निघाली आणि समोरून ५ नॉट्सचा वारा असला, तर विमान डेकवर उभे असतानाच त्याच्या पंखांवरून ३० नॉट्सची हवा वाहत असते. कॅटापुल्टने द्यायचे उरतात फक्त ८० नॉट्स.

आता या गणिताला इतिहासाची जोड देऊ. १९६५ च्या युद्धाच्या वेळी विक्रांत दुरुस्तीसाठी गोदीत होती. १९७० मध्ये तिच्या बॉयलरमधील पाण्याच्या पिंपांना भेगा पडल्याचे आढळले. नवी पिंपे इथे मिळण्यासारखी नव्हती. १९७१ च्या सुरुवातीला चाचण्या झाल्या, तेव्हा वाफेचा दाब कमी ठेवून नौकेचा वेग १४ नॉट्सवर मर्यादित करावा लागला. पुढे ही मर्यादा थोडी सैल झाली, तरी पूर्ण वेग दूरच राहिला. युद्धाची चिन्हे तर दिसू लागली होती. नौका समुद्रात न्यावी की पुन्हा बंदरातच ठेवावी?

नौकेचा वेग घटल्याने विमानाचे काय बिघडते, असे विद्यार्थी विचारतील. वरच्या उदाहरणात २५ च्या जागी १४ घाला. आता कॅटापुल्टने ८० ऐवजी ९१ नॉट्स द्यायला हवेत. फरक ११ नॉट्सचा, म्हणजे जेमतेम १४ टक्क्यांचा. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ९१ चा वर्ग भागिले ८० चा वर्ग बरोबर सुमारे १.२९. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या विमानासाठी २९ टक्के जास्त ऊर्जा हवी. आणि कॅटापुल्टची वाफही येणार त्याच भेगाळलेल्या बॉयलरमधून! ऊर्जा वाढवता येत नसेल, तर वजन कमी करणे भाग असते, आणि विमानातून कमी करता येते ते इंधन आणि बॉम्ब. (हलक्या विमानाला उडायला वेगही थोडा कमी पुरतो, त्यामुळे प्रत्यक्षातली घट आपल्या ढोबळ हिशेबापेक्षा कमी असते.)

अखेर विक्रांतला बंगालच्या उपसागरात पाठवण्याचा निर्णय झाला. ४ डिसेंबर १९७१ रोजी तिच्यावरून उडालेल्या आठ सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ला केला आणि त्याच दिवशी चितगाव बंदरावरही. पूर्व पाकिस्तानची समुद्राकडून कोंडी करण्याच्या कामात या विमानांचा मोठा वाटा होता. हे यश सांगताना आपण वैमानिकांची नावे घेतो, ते योग्यच आहे. पण मोजूनमापून वाफ पुरवत खाली बॉयलरपाशी उभ्या असलेल्या माणसांशिवाय त्यांचे एकही उड्डाण झाले नसते, याची आठवण विद्यार्थ्यांना जरूर द्यावी असे आम्हाला वाटते.

परत उतरतानाही हेच गणित, फक्त उलटे. विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकतो आणि ती सगळी गतिज ऊर्जा दोराच्या यंत्रणेला शोषून घ्यावी लागते. नौका आणि वारा यांची जेवढी साथ मिळेल तेवढा हा भार कमी.

सी हॉक १९८३ साली निवृत्त झाले. गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात एक सी हॉक ठेवलेले आहे. सहल तिकडे गेली, तर त्याचा शेपटीखालचा आकडा मुलांना अवश्य दाखवा. २०२२ साली दाखल झालेल्या नव्या विक्रांतवर कॅटापुल्ट नाही. तिथे विमाने डेकच्या टोकाच्या चढावरून उडतात. तरीही नौका वाऱ्याच्या दिशेला का वळवावी लागते, हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. उत्तर देताना विद्यार्थ्यांनी 'वेग' हा शब्द वापरला, की लगेच विचारा, "कशाच्या सापेक्ष?"