आधी हवा, मग डिझेल

इंदूरच्या देवास नाक्याकडे एखादा जुना टाटा ट्रक ‘चढावर दम टाकतो’ म्हणून गॅरेजमध्ये आला, की मिस्त्रीचा पहिला हात डिझेल पंपाच्या स्क्रूवर जातो. सील तोडलं, स्क्रू थोडा फिरवला, डिझेल वाढलं, मालक खूश. चार दिवसांनी तोच ट्रक मानपूरच्या घाटात मागच्या गाड्यांना काळ्या धुराने आंघोळ घालत चढत असतो. ताकद थोडी वाढते, नाही असं नाही. पण धुरातून जातं ते मालकाने पैसे मोजून भरलेलं अर्धवट जळालेलं डिझेलच.

जुन्या ट्रकच्या इंजिनाची ताकद सुटे भाग बदलून वाढवता येते. फक्त स्क्रूचा नंबर त्यात सगळ्यात शेवटी लागतो.

उदाहरणाला टाटाचं 697 घेऊ. सहा सिलेंडर, 97 मिलिमीटर बोर, 128 मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे 5,675 सीसी. टाटांचा डेमलर-बेंझशी 1954 ते 1969 असा करार होता, आणि मर्सिडीझच्या ओएम 352 या इंजिनाचा बोर-स्ट्रोकही नेमका हाच. हे इंजिन आधी साधं, मग टर्बोचं, मग टर्बो आणि इंटरकूलर दोन्ही असलेलं, असं वाढत गेलं. सांगाडा तोच राहिल्यामुळे एका अवताराचे बरेच भाग दुसऱ्यावर चढतात, आणि जुन्या भागांच्या बाजारात त्यांना मागणी असते ती यामुळेच.

आता हवेचा हिशेब. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पोट भरून हवा घेतं. 2,800 आरपीएमला 697 मिनिटाला फार तर 7,900 लिटर हवा ओढू शकतं, तीही एअर क्लीनर स्वच्छ असेल तर. त्यात इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा जवळपास पाच टक्के विरळ. एक किलो डिझेल जाळायला साडेचौदा किलो हवा लागते असं गणित सांगतं. प्रत्यक्ष सिलेंडरमध्ये दोन्ही नीट मिसळायला वेळच मिळत नाही. हवा अठरा-वीस पटीच्या खाली गेली की धूर सुरू. स्क्रू फिरवून आपण डिझेल वाढवतो, हवा मात्र होती तेवढीच राहते.

टर्बो लावायचा तो यासाठी. सायलेन्सरकडे जाणारा गरम वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून आत ढकलतं. मे महिन्यातली 40 अंशांची हवा 0.7 बारने दाबली, तर ती तापून 110 अंशांच्या आसपास जाते. तापलेली हवा फुगते, म्हणून 1.7 पटीऐवजी पदरात पडते 1.4 पट. इंटरकूलरने तिला 60 अंशांवर आणलं, की हाच आकडा 1.6 च्या घरात जातो. रेडिएटरच्या पुढच्या या इंटरकूलरच्या जाळीला शोभेची वस्तू समजून ‘नंतर बघू’ म्हणणारे बरेच भेटतात. माझ्या मते टर्बोवर खर्च करणाऱ्याने तिच्यावर काटकसर करू नये.

टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो, मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो. त्याला इंजिनातून दाबाचं तेल आणणारी नळी लागते. ते तेल चेंबरमध्ये परत नेणारी नळी जाड आणि सरळ उताराची हवी. तिला बाक आला की तेल तुंबतं, सीलमधून टर्बोत उतरतं आणि निळा धूर येतो. मग दोष ‘टर्बो डुप्लिकेट निघाला’ म्हणून दुकानदाराच्या माथी. वापरलेला टर्बो घेताना दांडा बोटांत धरून हलवून पाहा. आडवा किंचित हलला तर चालतं. पाती घराला घासत असतील तर तसाच ठेवून या.

सगळ्यात जास्त फसगत पिस्टनमध्ये होते. साध्या 697 चा आणि टर्बोवाल्याचा पिस्टन दोन्ही 97 मिलिमीटरचे, दोन्ही त्याच लायनरमध्ये बसतात. पण टर्बोवाल्याचं कॉम्प्रेशन कमी ठेवलेलं असतं, वरच्या रिंगच्या खाचेत लोखंडी कडं ओतलेलं असतं, पिनही दणकट. टर्बोच्या इंजिनात पिस्टनला खालून तेलाची धार मारणारे जेटही बसवतात. शुद्ध अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याहूनही आधी मऊ पडतो. साध्या पिस्टनवर टर्बो चढवला, तर गाडी पहिले काही आठवडे झकास पळते, नंतर एखाद्या लांब चढावर पिस्टनचा माथा बसतो. म्हणून पार्ट नंबर तपासा, नुसतं माप नको. पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या कडेपासून किती उंच उभा राहतो, ते डायल गेज लावून सहाही सिलेंडरवर मोजा, आणि हेड गॅस्केट त्या मोजमापाला धरून निवडा.

एवढं झालं की मग पंपवाल्याकडे. टर्बोच्या पंपावर डायफ्रामचा एक डबा असतो. बूस्टची हवा आली तरच तो जास्तीचं डिझेल सोडतो. पंप टेस्ट बेंचवर लावून सहाही ओळींचं डिझेल सारखं करून घ्यायचं, नोजल ठरलेल्या दाबालाच उघडतात का ते पाहायचं, मग टायमिंग. स्क्रूची पाळी आली ती आत्ता.

हाती काय लागतं? 16.2 टनांचा ट्रक वीसास एक चढावर नेताना 130 पीएसचं इंजिन इंदूरच्या हवेत ताशी 30 किलोमीटरच्या आसपास अडकतं. 160 पीएस मिळाले तर 38. खलघाटाला नर्मदा ओलांडून माळव्याच्या पठारावर चढणाऱ्याला हा फरक पुरेपूर कळतो. पण वाढलेला जोर क्लचप्लेट, गिअरबॉक्स आणि क्राऊन-पिनियन यांच्यातूनच चाकांपर्यंत जातो, आणि चढलेला घाट उतरावाही लागतो. ब्रेक जुनेच असतील तर आधी लायनर आणि ड्रम करा, नंतर टर्बोचं बोला.

शेवटची अडचण कागदाची. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून आरसीवरच्या नोंदी वेगळ्या पडतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. पीयूसीच्या धूरमापकावर बीएस-4 आधीच्या डिझेल गाडीला 65 ची मर्यादा आहे, बीएस-4 ला 50 ची. जनरेटर किंवा पंपाला जोडलेल्या इंजिनाला आरसीचा प्रश्न नाही, रस्त्यावरच्या ट्रकला आहे. तेव्हा हेडचा पहिला नट सैल करण्याआधी आरसी घेऊन परिवहन कार्यालयात जा आणि काय चालेल ते लेखी विचारून घ्या.